गेटवरची पाटी मोबाइलवर

(कुपवाड एमआयडीसीतल्या लघुउद्योजकांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, इथं कुणाचाही कारखाना विचारला की चहावाला बोट दाखवतो, "त्या निळ्या गेटाच्या पुढं." पण पुण्यात खोलीवर बसून मोबाइल चाळणाऱ्या सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटरला हा चहावाला कुठून भेटणार? त्याला लिंक्डइनवर, म्हणजे नोकऱ्या आणि कामाच्या ओळखींच्या संकेतस्थळावर, तुमची नोकरीची जाहिरात दिसते. लोगोच्या जागी करडा चौकोन आणि खाली "पगार योग्यतेप्रमाणे". त्याचा अंगठा पुढं सरकतो. मग आपण म्हणतो, हल्लीच्या पोरांना काम नको.

आपल्याच सांगली जिल्ह्यातलं बघा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना मांडला. १९२० मध्ये तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. पुढं त्याचं नामांकित मासिक झालं, ते तुमच्या आजीला आठवत असेल. पण सुरुवात होती ती कारखान्याच्या घरच्या पत्रकाची. आपण कोण, काय करतो, हे कारखान्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. लिंक्डइनवरचं कंपनी पेज म्हणजे तरी दुसरं काय?

पेज उघडायला पैसे लागत नाहीत. चौकोनी लोगो, वर आडवी पट्टी, उंचीच्या जवळजवळ सहापट रुंद. त्यात गणपतीचा उभा फोटो घालू नका, बिचाऱ्याचं नुसतं पोट दिसतं. शॉपमधल्या मशीनच्या रांगेचा आडवा फोटो घ्या. हे अर्ध्या तासाचं काम, डिझायनरला विचारत बसायची गरज नाही.

वेळ द्यायचा तो माहितीच्या रकान्याला. तिथं २,००० अक्षरं बसतात आणि आपण लिहितो, "गुणवत्ता हाच आमचा ध्यास." त्यात पोराला काय कळलं? कास्टिंग करता की मशिनिंग, कुठल्या मेकची मशीनं आहेत, शिफ्ट किती तासांची, पीएफ-ईएसआय (कामगार विमा) पहिल्या महिन्यापासून का, मिरज स्टेशनवरून यायची सोय काय, हे लिहा. हे वाचणारा एकटा नसतो. त्याची आई वाचते, सोयरीक बघणारा मामा वाचतो. आणि एक ओळ न विसरता टाका: नोकरीसाठी आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही. चांगल्या कंपन्यांच्या नावावर पोरांना लुबाडणारे भेटतात, म्हणून ही ओळ.

नावाचा घोळ तर घरोघरी आहे. जीएसटीत एक नाव, पाटीवर दुसरं, लोकांच्या तोंडी तिसरं. पेजवर लोकांच्या तोंडचं नाव ठेवा, नोंदणीचं नाव माहितीत येऊ द्या. मग जाहिरात टाकताना कंपनीचं नाव नुसतं टाइप करून थांबू नका. खाली उघडणाऱ्या यादीतून आपलंच पेज निवडा, तरच लोगो जाहिरातीला चिकटतो. इतकं करून तिथंच घसरणारे मी पुष्कळ बघितलेत.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. मी एका कारखान्यात एचआर बघत होतो. पेज काढलं आमच्या ऑफिसातल्या एका हुशार पोरानं, त्याच्याच खात्यावरून, आणि ॲडमिन, म्हणजे पेज बदलायचा अधिकार असलेला, तो एकटाच. पोरगं बेंगळुरूला गेलं. नंबर बदलला. आमचा पत्ता बदलला तरी पेजवर जुनाच, आणि मुलाखतीला आलेली दोन पोरं जुन्या गाळ्यासमोर उन्हात उभी. मालकांनी मला काय काय ऐकवलं ते इथं सांगत नाही. तेव्हापासून माझा हट्ट: ॲडमिन दोन, आणि त्यातला एक घरचा. मुलगा, सून, कुणीही, पण उद्या राजीनामा न देणारा.

मागून कुणीतरी विचारतंय, "सर, आमच्याकडं लोगोच नाही." हरकत नाही काका. गेटवरची पाटी ओल्या फडक्यानं पुसा, सकाळच्या उन्हात समोरून फोटो काढा. आज तोच लावा.