पाँडिचेरीचा निकाल मुंबईच्या गोदीत

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'कर्नाटकातली इंग्रज-फ्रेंच युद्धं आणि त्यांचे परिणाम'. कर्नाटक म्हणजे इथे मद्रासभोवतीचा पूर्व किनाऱ्याचा मुलूख. परिणामांकडे येणारच आहे. पण त्याआधी या युद्धातली एक बाजू मांडायची आहे, कारण तिच्यावर आपल्याकडे फार अन्याय झालाय.

शाळेत आपण काय पाठ केलं? फ्रेंच गव्हर्नर द्युप्ले दूरदर्शी, इंग्रजांचा क्लाइव्ह धाडसी, फ्रेंच सेनापती लॅली तापट. १७६० साली वांदिवाशला फ्रेंच हरले, धडा संपला. जहाजाच्या बुडाकडे कोणी बघतच नाही. निकाल तिथे लागला, असं माझं म्हणणं आहे.

कोरोमंडलचा, म्हणजे मद्रासकडचा पूर्व किनारा डोळ्यांसमोर आणा. मद्रास घ्या, कडलूर घ्या, पाँडिचेरी घ्या, त्या काळी एकालाही आडोशाचं बंदर नाही. जहाज उघड्या समुद्रात नांगरायचं आणि तोफा, तांदूळ, शिपाई सगळं मसुला होड्यांतून किनाऱ्याला न्यायचं. या होडीच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. लाटेबरोबर ती वाळूवर आदळते, तेव्हा खिळे मारलेली फळी फुटेल, शिवलेली लवते आणि वाचते. आता ऑक्टोबर येतो. ईशान्येचा वारा फिरला की तिथे नांगर टाकून राहणं म्हणजे जहाज घालवणं. १७४६ मध्ये फ्रेंच आरमाराच्या ला बुर्दोनेने मद्रास जिंकलं आणि मुक्काम लांबवला. १३ ऑक्टोबरच्या रात्री वादळाने त्याच्या आरमाराची धूळधाण केली. जिंकलेलं शहर हातात, आणि जहाजं गेली!

म्हणजे दरवर्षी दोन्ही आरमारांना किनारा सोडावा लागणार. प्रश्न एवढाच, की जायचं कुठे?

आपल्या उबदार पाण्यात लाकडी जहाजाला दोन शत्रू. एक, लाकूड पोखरणारी कीड. दुसरा, बुडाला चिकटणारं शेवाळ आणि कालवं, त्यांनी वेग मरतो. तांब्याचे पत्रे ठोकायची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. गोदी नसेल तर जहाज कलतं करायचं. आधी तोफा, गोळे, पाण्याची पिंपं, तळातलं वजन, सगळं उतरवायचं. मग डोलकाठ्यांना दोरखंड बांधून जहाज एका कुशीवर ओढायचं, ती बाजू खरवडायची, मग दुसरी. डोलकाठी तडकू शकते. प्रमाणाबाहेर कललं तर तोफांच्या खिडक्यांतून पाणी आत येतं. आणि नेमका त्या दिवशी शत्रू आला तर तोफा किनाऱ्यावर पडलेल्या!

इंग्रजांच्या मुंबईत १७५० साली कोरडी गोदी झाली होती. सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया तिथले मुख्य कारागीर. मुंबईच्या उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त बदलते, तिचाच उपयोग करायचा. भरतीला जहाज आत घ्यायचं, दारं लावायची, ओहोटीबरोबर पाणी सोडायचं, उरलेलं उपसायचं. जहाज ठोकळ्यांवर टेकतं, दोन्ही अंगांना टेकू. मग बुडाखाली उभं राहून कुजकी फळी काढा, सागाची घाला, फटीत दोरखंडाचा पिंजलेला काथ्या ठोका, वर डांबर. ती गोदी आजही नौदलाच्या आवारात आहे.

फ्रेंचांकडे काय? मॉरिशस. पाँडिचेरीपासून चार हजार किलोमीटरहून लांब, आणि धान्य इतकं अपुरं, की आरमाराला खायला घालायला जहाजं केपटाउनला धाडावी लागली.

आता तारखा बघा. डिसेंबर १७५८ मध्ये लॅलीने मद्रासला वेढा घातला. इंग्रज आरमारप्रमुख पोकॉकचं आरमार तेव्हा मुंबईत दुरुस्तीला. १६ फेब्रुवारी १७५९ ला मुंबईहून इंग्रज कप्तान केंपेनफेल्ट कुमक घेऊन मद्राससमोर आला आणि दुसऱ्या दिवशी लॅलीने वेढा उठवला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला फ्रेंच आरमारप्रमुख द'आशेची अकरा जहाजं पोकॉकच्या नऊशी लढली. बुडालं कोणाचंच नाही. पण द'आशे पाँडिचेरीला थोडा पैसा आणि थोडी माणसं उतरवून महिनाअखेर निघून गेला, तो पुन्हा आला नाही. वांदिवाश त्यानंतर चार महिन्यांनी!

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, म्हणून परिणाम भराभर सांगतो.

१ जानेवारी १७६१ च्या वादळात पाँडिचेरी अडवून बसलेलं इंग्रज आरमार मोडलं. दोन मोठी जहाजं जवळपास सगळ्या माणसांसह बुडाली, तीन किनाऱ्यावर फेकली गेली. तरी काही दिवसांतच वेढा पुन्हा आवळला गेला, कारण उरलेल्या जहाजांना श्रीलंकेतल्या त्रिंकोमलीहून जोड मिळाली. उपासमारीने पाँडिचेरी शरण आली, १६ जानेवारीला इंग्रज आत शिरले. आपल्या पानिपतानंतर दोनच दिवसांनी. त्या पानिपतावर लढलेल्या इब्राहिमखान गारद्याची कवायत फ्रेंच सरदार बुसीच्या फौजेतली, हेही ध्यानात असू द्या.

पाँडिचेरीची तटबंदी पाडली गेली. १७६३ च्या पॅरिस तहाने फ्रेंचांना वखारी परत मिळाल्या, पण बंगालमध्ये सैन्य ठेवायला बंदी. लॅलीला १७६६ मध्ये पॅरिसला मृत्युदंड झाला. आरमार नसलेल्या सेनापतीला देशद्रोही ठरवलं, ही गोष्ट आजही जिवाला लागते.

धडा फ्रेंच शिकले. १७८२ मध्ये त्यांच्या आरमारप्रमुख सुफ्रेनने त्रिंकोमली घेतलं आणि वारा फिरल्यावर मॉरिशस न गाठता सुमात्राच्या अचेमध्ये हिवाळा काढला. त्याच्याही पाच वर्षं आधी, १७७७ मध्ये, फ्रेंच वकील सेंट ल्युबिन चौलला उतरून पुण्यात नाना फडणवीसांकडे आला होता. फ्रेंचांना हवं होतं पश्चिम किनाऱ्यावरचं चौलचं बंदर. मुंबईकर इंग्रज एवढे का हादरले, हे आता वेगळं सांगायला नको. चौलहून त्यांची गोदी एका दिवसाच्या वाऱ्यावर होती.