फोन आधी कोण उचलतो?

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी या सार्वजनिक रेडिओवर सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते बारा ब्रायन लेहरर यांचा कार्यक्रम लागतो. १९८९ साली ‘ऑन द लाइन’ या नावाने तो सुरू झाला आणि रेडिओ-टीव्हीवरच्या उत्तम कामासाठी दिला जाणारा पीबडी पुरस्कार २००७ सालासाठी त्याला मिळाला. निवडणूक, शाळाप्रवेश, घरभाडं, कचरा, बर्फ असं सगळं त्यात येतं आणि श्रोते फोन करून बोलतात. शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन-जर्सी सिटीकडच्या मराठी घरांतही हे स्टेशन ऐकू येतं. निवेदकाचं कौतुक मी एका वाक्यात आटोपतो: माणूस शांत आहे, पाहुण्याला तोडत नाही आणि सोडतही नाही. आज बोलायचंय ते श्रोत्यांपुढे टाकलेल्या प्रश्नाबद्दल आणि निवेदकाच्या आधी फोन उचलणाऱ्या माणसाबद्दल. फोन-इन कार्यक्रम फसतो तो बहुतेक वेळा या दोन ठिकाणी.

आधी प्रश्न. ५ जानेवारी २०२५पासून मॅनहॅटनमध्ये ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी घेऊन शिरायचं तर दिवसा ९ डॉलर पडू लागले. यावर ‘ही आकारणी योग्य आहे का?’ असं विचारलंत, की पेपरात वाचलेलं मतच फोनवरून परत ऐकायला मिळतं. ‘तुम्ही रोज त्या भागात माल पोचवता का? तुमचा पहिला फेरा आता किती वाजता निघतो?’ असं विचारलं तर व्हॅनवाला, प्लंबर, फुलवाला फोन करतो, आणि त्याच्याकडची माहिती स्टुडिओतल्या तज्ज्ञाकडे नसते. फोन कमी येतील, येऊ द्यात. अर्ध्या तासाच्या भागाला सहा ते आठ चांगले फोन भरपूर झाले. प्रश्न भागाच्या सुरुवातीलाच सांगायचा, नंबर दोनदा आणि सावकाश. मग आठ-दहा मिनिटं पाहुण्याशी बोलायचं, कारण ऐकणाऱ्याला ठरवायला आणि फोन लावायला वेळ लागतो. प्रश्न शेवटी टाकला तर पहिला बरा फोन येईपर्यंत भाग संपलेला असतो.

याच कार्यक्रमाने २००७मध्ये एक गंमतीचा आणि शिकण्यासारखा उद्योग केला. श्रोत्यांना सांगितलं, आपल्या गल्लीत उभ्या असलेल्या एसयूव्ही मोजा आणि कळवा. पुढे त्यांना दूध, लेट्यूस आणि बिअर यांचे आपल्या दुकानातले भाव कळवायला सांगितलं आणि ते नकाशावर मांडले. एकाच शहरात एकाच वस्तूचा भाव वस्तीगणिक कसा बदलतो, हे श्रोत्यांनीच दाखवलं. असं काही करायचं तर वस्तू अगदी नेमकी सांगावी लागते. ‘दूध’ म्हटलंत तर कुणी लिटरचा भाव देतो, कुणी मोठ्या कॅनचा, कुणी सेंद्रिय दुधाचा. माप, प्रकार, ब्रँड, दुकानाचा रस्ता आणि तारीख हे पाच रकाने नसतील तर आलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. सवलतीचा भाव वेगळा लिहून घ्यायचा. एकाच दुकानाचे दोन भाव आले तर सरासरी काढू नका, परत फोन करून विचारा.

आता फोन उचलणारा. त्याला कॉल स्क्रीनर म्हणतात, आणि हे काम नवख्या पोराला देऊन टाकायची सवय सगळीकडे आहे. ती वाईट सवय आहे. स्क्रीनरकडे एका फोनसाठी जेमतेम अर्धं मिनिट असतं. नाव काय, कुठून बोलताय, एका वाक्यात काय सांगणार, आणि ‘घरातला रेडिओ बंद करा’. ही चार वाक्यं झाली की तो निवेदकाच्या पडद्यावर एक ओळ टाकतो. ‘रमोना, क्वीन्स, विरोधात’ अशी ओळ काही कामाची नसते. ‘रमोना, क्वीन्स, घरी रुग्णांची सेवा करते, दिवसाला दोन फेऱ्या’ अशी ओळ असेल तर निवेदक थेट मुद्द्यावर येतो. आधी आला तो आधी, हा नियम इथे चालत नाही. आधी येतात ते नेहमीचेच, ज्यांना नंबर पाठ असतो. लागोपाठ तीन जण एकाच शब्दांत तेच बोलू लागले तर समजावं, कुठूनतरी चिठ्ठी वाटली गेली आहे. अशा वेळी सरळ विचारायचं: तुम्ही कुठल्या प्रचारात काम करता का? हो म्हणाले तरी घ्यावं, फक्त ते श्रोत्यांना सांगून.

रेडिओ बंद करा, हे इतकं का बजावायचं? अमेरिकेत सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात अश्लील बोलणं प्रसारित झालं तर दंड होतो. २००६च्या कायद्याने तो एका वेळेला ३,२५,००० डॉलरपर्यंत नेला. म्हणून थेट कार्यक्रम सात-आठ सेकंद मागे धरून सोडतात. रेडिओ चालू ठेवणाऱ्याला आपलाच आवाज सात सेकंदांनी ऐकू येतो आणि तो अडखळतो. फोन करणाऱ्याच्या कानात जायला हवा तो उशीर लागण्याआधीचा आवाज, आणि त्यातूनही त्याचा स्वतःचा आवाज वगळलेला. याला मिक्स-मायनस म्हणतात. ते चुकलं की घुमणं, शिट्टी, प्रतिध्वनी सुरू. शिवी आली की डंपचं बटण दाबायचं, ती उडते. पण बटण दाबताच साठवलेले सेकंद खर्ची पडतात, आणि यंत्र बोलणं किंचित ताणून ते हळूहळू परत साठवतं. तेवढ्या वेळात दुसरी शिवी आली तर ती थेट हवेत जाते. म्हणून डंपनंतर लगेच पुढचा फोन घेऊ नका, पाहुण्याकडे वळा. एखाद्या खासगी माणसाचं नाव घेऊन कुणी आरोप करू लागला, तरीही हेच.

राजकारण्यांचं काय? महापौर बिल डी ब्लासिओ आपल्या कारकिर्दीत बराच काळ दर शुक्रवारी या कार्यक्रमात यायचे आणि लोकांच्या फोनला उत्तरं द्यायचे. त्यामागे स्टेशनचा इतिहास आहे. १९२४ साली ते महापालिकेनेच सुरू केलं. जुलै १९४५मध्ये वर्तमानपत्रं वाटणाऱ्यांचा संप झाला, तेव्हा महापौर ला गार्डिया यांनी त्यावरून मुलांना चित्रकथा वाचून दाखवल्या होत्या. १९९७मध्ये स्टेशनचे प्रसारण परवाने शहराकडून एका फाउंडेशनकडे गेले, सहा वर्षांत फेडायच्या २ कोटी डॉलरना. तेव्हापासून महापौर तिथे पाहुणा असतो, मालक नसतो, आणि श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या स्टेशनला हे परवडतं. अशा भागात स्क्रीनरने फोन करणाऱ्याचा पत्ता आणि नंबर प्रसारणाबाहेर लिहून घ्यायचा आणि महापौरांच्या माणसाकडे द्यायचा. ‘माझ्या घरात हीटिंग नाही’ ही तक्रार हवेत व्हावी, घराचा पत्ता मात्र हवेत जाऊ नये.

आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा द्याव्या लागतात. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने सप्टेंबर २०२३मध्ये त्यांना तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी अशी शिफारस केली. पण वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज आणि पाणीपुरवठा यांची माहिती धोरणात बातमी धरलेली नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखं सामुदायिक केंद्र असो की शहरातलं एफएम, पाण्यावरचा सकाळचा फोन-इन कायद्यात बसतो. सामुदायिक केंद्राची ताकद साधारण १०० वॉटची, म्हणजे प्रश्नही तेवढ्याच टापूचा ठेवा. ‘पाण्याची परिस्थिती कशी आहे?’ असं विचारू नका. ‘काल नळ किती वाजता आला आणि किती वाजता गेला?’ असं विचारा, आणि स्क्रीनरला वॉर्ड, गल्ली, वेळ लिहून घ्यायला सांगा. किती हंडे भरले ते विचारायच्या भानगडीत पडू नका. एकाचा हंडा दहा लिटरचा, दुसऱ्याचा पंधराचा.