एका काठीची सावली

नमस्कार श्रोतेहो. सहामाही परीक्षा उरकत आली आहे, शाळेत आकाशकंदिलांचे कागद कापणं सुरू झालंय आणि घरोघरी यंदा किल्ला कुठला करायचा यावर वाद रंगलेत. याच दिवसांत सातवीच्या मुलांकडे आणखी एक काम असतं, पण त्याची चौकशी फारसं कुणी करत नाही. भर दुपारी मोजपट्टी आणि वही घेऊन सावली मोजायची.

सातवीच्या भूगोलात ऋतुनिर्मितीचा पाठ दोन भागांत आहे. पहिला भाग वर्षाच्या सुरुवातीलाच येतो, दुसरा बऱ्याच पाठांनंतर. मधले महिने निरीक्षणासाठी सोडलेले आहेत. नेमके तेच महिने हातचे जातात आणि मग डिसेंबरात फळ्यावरच्या कललेल्या पृथ्वीवर भागवावं लागतं. ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही, त्यांनी उद्यापासून करावी. ऑक्टोबर ते डिसेंबर एवढी नोंदही पुरेशी आहे. कशी करायची, तेच आज सांगायचं आहे.

आधी अंदाज यावा म्हणून पुण्याचे आकडे देतो. एक मीटर उंचीच्या सरळ काठीची माध्यान्हीची सावली २३ सप्टेंबरला सुमारे ३३ सेंटीमीटर भरते. २२ ऑक्टोबरला ती ५७ होते, २२ नोव्हेंबरला ८० आणि २२ डिसेंबरला ९०. वाढ सारखी नाही, हे लक्षात आलं ना? पहिल्या दोन महिन्यांत दर महिन्याला २३-२४ सेंटीमीटर, शेवटच्या महिन्यात फक्त १०. आलेख कागदावर बिंदू मांडले की रेघ आधी झपाट्याने चढते आणि मग आडवी पडू लागते. मुलांनी हे वाकणं स्वतः काढलेल्या आलेखात पाहावं, पाठ करून नव्हे.

आता माध्यान्ह म्हणजे सूर्य दिवसभरात सर्वांत उंच येतो ती वेळ, आणि ती ठरवतानाच पहिली चूक होते. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, असं मुलं धरून चालतात. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर, आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे पुण्यात खरी माध्यान्ह २३ सप्टेंबरला साधारण १२ वाजून २७ मिनिटांनी होते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८ मिनिटांनी, तर २२ डिसेंबरला १२ वाजून ३३ मिनिटांनी. नागपूर पूर्वेकडे असल्याने तिथे ही वेळ एकवीसेक मिनिटं आधी येते. डिसेंबरात पुण्याच्या मुलांनी ठोक्याला बारा वाजता मोजलं, तर ९० ऐवजी ९२ च्या वर सावली मिळेल. हे आकडे पाठ नसले तरी बिघडत नाही. सव्वाबारा ते पाऊण, दर पाच मिनिटांनी खडूने खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली तेवढी वहीत घ्यायची. नागपूरकडे हेच काम पावणेबारापासून सुरू करावं. माध्यान्हीच्या आसपास सावली इतकी संथ बदलते की पाचेक मिनिटं इकडेतिकडे झाली तरी फरक मिलिमीटरभराचाही नसतो. खरी अडचण निराळीच असते. बऱ्याच शाळांत खिचडीची रांग याच वेळेला लागते. चार-चार मुलांचे गट करून पाळ्या लावाव्यात, म्हणजे कुणाचंच ताट थंड होणार नाही.

दुसरी चूक काठीत. मैदानात काठी रोवली की ती कलते. कधी चेंडू लागून, कधी नुसत्या वाऱ्याने. एक अंशाचा कलसुद्धा सावलीत पावणेदोन सेंटीमीटरचा फरक पाडतो. शिवाय मैदानाला उतार असतोच, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तो मुद्दाम दिलेला असतो. म्हणून शाळेची गच्ची किंवा फरशीचा ओटा बरा. गवंड्याची पाणसळ मिळाली तर सपाट जागा पाच मिनिटांत सापडते.

तिसरी गोष्ट म्हणजे सावलीचं टोक. ते कधीच रेखीव नसतं. सूर्य हा बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर पुसट असतं. एक मुलगा म्हणतो ५६, दुसरी म्हणते ५७, आणि दोघंही खरं बोलत असतात. यावर सोपा उपाय आहे. रंगाच्या रिकाम्या डब्यात ओली वाळू भरून एक पीव्हीसी पाइप घट्ट उभा करा. पाइपाच्या माथ्यावर पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा आडवा चिकटवा, त्याची एक बाजू उत्तरेकडे बाहेर येईल असा. बाहेर आलेल्या भागात पाच मिलिमीटरचं भोक पाडा. फरशीपासून या भोकाची उंची बरोबर १०० सेंटीमीटर हवी. आता दोऱ्याला लोखंडी नट बांधून ओळंबा करा, तो भोकातून खाली सोडा आणि नट जिथे टेकेल तिथे फुली मारा. पुठ्ठ्याच्या सावलीत एक गोल कवडसा दिसेल. फुलीपासून कवडशाच्या मध्यापर्यंतचं अंतर ही आपली मोजणी. यात पाइप थोडा कललेला असला तरी फारसं बिघडत नाही, कारण उंची आणि फुली दोन्ही आपण भोकापासून घेतलेली आहेत. डबा रोज उचलून ठेवायचा असेल तर ऑइलपेंटने त्याच्या बुडाची आउटलाइन फरशीवर काढून ठेवा, आणि फुली मात्र रोज नव्याने तपासा. मुलांना एवढं बजावायचं की सूर्याकडे थेट पाहायचं नाही. सारं काम मान खाली घालून होतं.

उत्तर दिशा कशी ठरवायची? मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी सळयांच्या स्लॅबवर हमखास फसवतं. आपल्याकडची जुनी रीत त्याहून भरवशाची, ती कात्यायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या मोजमापांच्या प्राचीन ग्रंथात, दिलेली आहे. काठी मध्यभागी धरून ८० सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. सकाळी आखूड होत जाणाऱ्या सावलीचं टोक जिथे वर्तुळाला लागेल तिथे एक खूण, दुपारी लांबत जाताना पुन्हा लागेल तिथे दुसरी. पुण्यात ऑक्टोबरच्या मध्यावर या वेळा साडेदहा आणि दोन-सव्वादोन अशा येतात. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते आणि तिला लंब काढला की दक्षिण-उत्तर. ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत ही काठी म्हणजे बारा अंगुळांचा शंकू, आणि संपातदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी, तिची माध्यान्हीची जी सावली, ती त्या गावची पलभा. पुण्याची पलभा जवळपास चार अंगुळं येते. बारावर चार, म्हणजे एकतृतीयांश. आपले ३३ सेंटीमीटर तेच सांगतात.

आता दिवाळीची सुट्टी. पंधरा दिवस शाळा बंद, मुलं गावोगावी पांगलेली. इथे नोंद तुटते असं शिक्षक म्हणतात, आम्हाला मात्र ही पर्वणीच वाटते. समजा १ नोव्हेंबरला पुण्यातल्या मुलाने ६५ सेंटीमीटर मोजली. त्याच दिवशी नागपूरला आजीकडे गेलेल्या मुलीला ७१ मिळेल आणि कोल्हापूरला मामाकडे असलेल्याला ६०. तिघांच्याही वह्या बरोबर आहेत. सावलीतला हा फरक अक्षांशाचा. आडवी रेघ सावलीएवढी, उभी रेघ काठीएवढी असा एकास दहा प्रमाणात काटकोन त्रिकोण काढला आणि वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजला, तर पुण्याचा ३३ अंश येतो, नागपूरचा साडेपस्तीस. अडीच अंशांचा फरक, दर अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे नागपूर पुण्याच्या २७५-३०० किलोमीटर उत्तरेला. कोनमापकात अर्धा अंश चुकला की पन्नासेक किलोमीटर इकडेतिकडे होणार, तेही मुलांना आधीच सांगून ठेवावं.

याच काठीतून गणितही निघतं. समप्रमाण सातवीतच आहे. मीटरभर काठीची सावली ५७ सेंटीमीटर असताना ध्वजस्तंभाची सावली ३४२ भरली, तर स्तंभ सहा मीटरचा. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायच्या, ही अट विसरली की उत्तर चुकलंच.

एक गैरसमज जाता जाता. पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून थंडी पडते, असं मुलं ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याला वर्षातली सर्वांत जवळ असते. थंडी पडते ती दिवस आखूड आणि किरणं तिरपी झाल्यामुळे, आणि सावलीची ९० सेंटीमीटर लांबी त्या तिरपेपणाचंच माप आहे.

आता सर्वांत लांब सावली नेमकी कुठल्या दिवशी, हे कसं शोधाल? १२ ते २२ डिसेंबर या दहा दिवसांत सावली जेमतेम एक सेंटीमीटर वाढते. डोळ्यांनी दिवस पकडता येत नाही. त्यासाठी २ डिसेंबरची सावली मोजून ठेवा आणि नाताळानंतरही मोजणी सुरू राहू द्या. उतरतीला लागलेली सावली १० जानेवारीच्या आसपास पुन्हा तेवढीच भरेल. दोन्ही तारखांच्या बरोबर मध्यावरचा दिवस वहीत लाल पेनाने लिहा.