आईची हजारावी पौर्णिमा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या आईचा जन्म नक्की कधी झाला, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आजी, म्हणजे आईची आई, सांगायची की शिगम्याचे दिवस होते, फाल्गुन वद्य तृतीया. पंचांग लावून पाहिलं तर ही तिथी १९४५ च्या मार्चअखेरीला पडते. आणि कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात पोर्तुगीज भाषेतला जो दाखला आहे, त्यावर तारीख आहे १७ एप्रिल. त्या काळी सावईवेरेहून फोंड्याला जायचं म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम. आजोबा कसल्याशा कामाला गेले आणि जाताजाता लेकीची नोंदही उरकून आले. कारकुनाने विचारलं, कधी झाली? आजोबांनी काय सांगितलं, ते आजोबांनाच ठाऊक.

हा दाखला कित्येक वर्षं कुणी उघडूनही पाहिला नव्हता. मग एके दिवशी तो एकदम भावाला चढला. गोवा मुक्त होण्याआधी इथे जन्मलेल्यांची नोंद लिस्बनला केली की मुलानातवंडांनाही तिकडचा पासपोर्ट मिळतो, हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. दादाच्या मुलीने फोनवरून विचारलं, "आजी, तो कागद नीट आहे ना?" आई म्हणाली, "कागद नीट आहे, तारीख खोटी आहे." तो विषय तिथेच राहिला.

तर गेल्या वर्षी आई ऐंशीची झाली. दादाने मुंबईहून फर्मान काढलं की पणजीत हॉल घेऊ, शंभर माणसं बोलावू. कुठल्या तारखेला, यावर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आठवडाभर तुंबळ युद्ध झालं. आईला कळलं तेव्हा तिने एका वाक्यात निकाल लावला. "मार्चात पोरांच्या परीक्षा, एप्रिलात उकाडा. मला नको काही." झालं. एप्रिल गेला, मे गेला, आणि आम्ही सगळेच मनातून थोडे सुटल्यासारखेही झालो. हे खरं आहे म्हणून सांगते.

हे प्रकरण पुन्हा उकरून काढलं धाकट्याच्या मुलाने. तो पुण्यात इंजिनिअरिंग करतो. सहस्रचंद्रदर्शन हा शब्द त्याने कुठेतरी ऐकला आणि हिशेबाला बसला. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस. हजार पौर्णिमा भरायला ऐंशी वर्षं आणि जवळपास दहा महिने लागतात. आता गंमत पाहा. आई मार्चअखेरीला जन्मलेली असो की १७ एप्रिलला, तिच्या आयुष्यातली पहिली पौर्णिमा एकच, २७ एप्रिल १९४५ ची. कारण त्याआधीची, होळीची, दोन्ही तारखांच्या अगोदर होऊन गेलेली. तिथून मोजत आलं की हजारावी येते माघी पौर्णिमा, १ फेब्रुवारी २०२६, आणि वार रविवार. ऐंशी वर्षांचा तंटा चंद्राने मिटवला, तोही सुट्टीच्या दिवशी. आमच्या भटजींचा हिशेब थोडा निराळा होता, पण रविवार आहे म्हटल्यावर त्यांनीही फार ताणलं नाही.

शुक्रवारी रात्रीपर्यंत माशेलच्या घरी एकवीस माणसं जमली. गाद्या पुरल्या नाहीत. दादाने येताना वाटेत इसवण मासळी घेतली होती, कारण पुढचे दोन दिवस शिवराक, म्हणजे शाकाहारी, हे त्याला ठाऊक होतं. आम्ही घरात कोंकणी बोलतो, पत्रं मराठीत लिहितो, आरत्या मराठीत म्हणतो, आणि भांडण पेटलं की दोन्हींची सरमिसळ होते. त्या रात्री अंथरुणांवरून बरीच सरमिसळ झाली.

शनिवारी आईला हवं तिथे न्यायचं ठरलं होतं. मुलांनी समुद्रकिनारा, बोट असं काय काय सुचवलं. आई म्हणाली, "सावईवेरेला." माहेर. तिथल्या कुळागारात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, तिला अठरा वर्षं कुणी नेलं नव्हतं, आणि अंतर आहे अर्ध्या तासाचं. ही अठरा वर्षं मला त्या दिवशी कळली. पोफळींच्या सावलीत, मिरीचे वेल चढलेल्या खोडांमधून ती पाटाच्या कडेने माझा हात सोडून चालत गेली. झर अजून वाहते आहे. मामेभाऊ सांगत होता की नारळ पाडायला पाडेली मिळत नाही, नारळ पडतील तेव्हा पडतील. आई ऐकत नव्हती. ती एका दगडावर बसली आणि पायांतल्या चपला काढून तिने पाय पाटात सोडले. कुणी फोटो काढायला सरसावला तर म्हणाली, "थांब, आधी गार वाटू दे."

तिथेच तिने १९६१ ची गोष्ट सांगितली. दरवर्षी सांगते. डिसेंबरात पोर्तुगिजांनी बाणस्तारीचा पूल उडवला त्याचा आवाज तिने याच कुळागारात ऐकला म्हणे. दादाचं म्हणणं, एवढ्या लांब आवाज येणं शक्य नाही. हा वादही दरवर्षी होतो. पण या वेळी नातू मध्ये पडला. त्याने मोबाईलवर बोटं फिरवली आणि म्हणाला, "आजी, १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला ना? त्यानंतर दोनच दिवसांनी पौर्णिमा होती. तुझी दोनशे सातवी." आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "दत्तजयंती होती. काकांनी सांखळीला जायचा हट्ट धरला, आणि आजी म्हणाली, रस्त्यावर सैनिक आहेत, दत्त घरीच आहे." हे तिने आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी होम. आई पाटावर, नवी साडी, केसांत अबोलीचा वळेसर. आचाऱ्याला काम दिलं होतं, कारण आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही हा आमच्या बहिणी-वहिन्यांचा ठराव होता. भटजींचे मंत्र चाललेले, चांदीचा चंद्र ताम्हणात ठेवलेला. आणि आईने मान वळवून नाक वर केलं.

"खतखत्यांत तेफळां घालूंक नात."

खतखतं म्हणजे आमची मिश्र भाजी, आणि तिच्यात तेफळांचा मसाला घातलेलाच नाही, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, घातली असतील. ती म्हणाली, वास नाही. आणि श्रोतेहो, हजार चंद्र पाहिलेली बाई भर होमातून उठली, पदर खोचला, आणि आत गेली. भटजी हातात पळी धरून बसले. सुरण, रताळी, मुळा, नीरफणस, तूरडाळ, खोबरं, सोलं, सगळं होतं. तेफळं नव्हती. आचाऱ्याचं म्हणणं पडलं की हल्ली पुष्कळांना तो वास आवडत नाही. आईने डबा काढला, मूठभर तेफळं ठेचून पाण्यात कालवली, वरून ओतली, झाकण ठेवलं आणि परत पाटावर येऊन बसली. म्हणाली, "हं, चालू द्या."

मणगण्याची खीर मात्र आचाऱ्याने छान केली होती, हे तिनेही कबूल केलं.

दुपारी सुनांनी आणि लेकींनी कणकेच्या ऐंशी दिव्यांनी तिला ओवाळलं. शेवटचे वीस दिवे लागेपर्यंत पहिले वीस विझले होते, त्यामुळे ऐंशी दिवे एकत्र कुणीच पाहिले नाहीत.

मुलांनी तिला विचारलं, "आजी, हजारांतल्या किती पौर्णिमा खरंच पाहिल्यास?" नातवाचा हिशेब तयारच होता. एक्क्याऐंशी पावसाळे, दर पावसाळ्यात चार पौर्णिमा ढगांत, म्हणजे ३२४ वजा. उरल्या ६७६. आई म्हणाली, "त्यांतल्या बऱ्याचशा मागल्या दारी. भांडी घासताना, नाहीतर म्हशीला आंबोण घालताना. वर बघायला कुणाला वेळ होता?" ती हसत म्हणाली, पण वहिनी उठून आत गेली, आणि मीही जरा वेळाने तिच्या मागे गेले.

संध्याकाळी सगळे अंगणात आलो. सूर्य अजून मावळत होता, आणि पूर्वेला माडांच्या आडून चंद्र वर येत होता, पिवळा, थोडा चपटा. कुणी बोललं नाही. आईसाठी खुर्ची आणली होती, पण ती उभीच राहिली. तिने हात जोडले आणि बराच वेळ पाहत राहिली, इतका की माझ्याच पायांना कळ लागली.

मग तिने नातवाला विचारलं, "पुढची कधी?"

"३ मार्च. होळीची. पण त्या दिवशी चंद्रग्रहण आहे आजी. चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार."

"ग्रस्तोदित," आई म्हणाली. "म्हणजे दुपारचं जेवण लवकर उरकायला हवं." आणि उरलेल्या खतखत्याचे डबे कुणाकुणाला द्यायचे ते बघायला आत गेली.