देशाच्या आधीची फौज : नायजेरियाच्या लष्कराची घडण

नायजेरिया हा आजच्या रूपातला देश १९१४ साली नकाशावर आला. त्याच्या फौजेचे मूळ मात्र त्याच्याही अर्धशतक मागे जाते. लागोसचे ब्रिटिश अधिकारी जॉन ग्लोव्हर यांनी १८६३ च्या सुमारास, प्रामुख्याने धन्यांकडून पळून आलेल्या, उत्तरेकडील हौसा जमातीच्या गुलामांची एक छोटी सशस्त्र तुकडी उभारली आणि ती ‘ग्लोव्हरचे हौसा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे रॉयल नायजर कंपनीने व्यापाराच्या रक्षणासाठी स्वतःचे शिपाई ठेवले. नायजर नदीच्या खोऱ्यात फ्रेंचांशी चढाओढ लागली तेव्हा फ्रेडरिक लुगार्ड यांनी १८९७ पासून ‘वेस्ट आफ्रिकन फ्रंटियर फोर्स’ ही पलटण बांधली. नावात सीमा असली, तरी या पलटणीचे मुख्य काम मुलूख जिंकणे आणि जिंकलेल्या मुलखाला धाकात ठेवणे हेच होते. १९०३ मध्ये उत्तरेतली कानो आणि सोकोटो ही शहरे तिनेच घेतली. लष्कराचे तोंड परक्या शत्रूपेक्षा आपल्याच प्रजेकडे वळलेले असण्याची ही खोड त्या काळी लागली आणि पुढचा बराचसा इतिहास तिच्यातून उलगडतो, असे माझे मत आहे.

दुसऱ्या महायुद्धाने या शिपायाला आपल्या बाजूला आणले. ८१ वी आणि ८२ वी या दोन पश्चिम आफ्रिकी डिव्हिजन भारतमार्गे ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेल्या. त्यांत नायजेरियन जवानांचा भरणा मोठा होता. कलादान नदीच्या खोऱ्यात ८१ वी डिव्हिजन केवळ विमानातून टाकलेल्या रसदीवर लढली आणि जिथे गाडी व खेचर पोचत नव्हते तिथे दारूगोळ्याच्या पेट्या हमाल-जवानांनी डोक्यावरून वाहिल्या. या डिव्हिजनच्या बाहुचिन्हावर काळा कोळी होता, पश्चिम आफ्रिकेच्या लोककथांतला चतुर अनान्सी. लागोसमधील दोदान बराकी आणि इबादानमधील लेटमौक बराकी यांची नावे याच मोहिमेतल्या ठिकाणांवरून पडली आहेत. यातल्या दोदान बराकीतून पुढे लष्करी राजवटीने अनेक वर्षे देशाचा कारभार हाकला.

१ ऑक्टोबर १९६० रोजी स्वातंत्र्य मिळाले, तरी सरसेनापतिपद १९६५ पर्यंत ब्रिटिशांकडेच होते. त्या वर्षी ते जॉन्सन अग्युयी-इरोन्सी यांच्याकडे आले. अधिकारी घडवण्याची घाई होती, आणि इथे पुण्याचा संबंध येतो. १९६४ मध्ये कडुना येथे नायजेरियाची संरक्षण प्रबोधिनी स्थापन झाली, ती भारतीय लष्कराच्या साहाय्याने. तिचे पहिले प्रमुख भारतीय ब्रिगेडियर होते. ओलुसेगुन ओबासांजो हे तरुण अधिकारी १९६५ मध्ये तमिळनाडूतील वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात आणि मग पुण्यातील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात शिकले. ते १९६६ च्या जानेवारीत कडुनाला परतले आणि दोनच दिवसांनी, १५ तारखेला, त्यांचे निकटचे मित्र मेजर न्झेओग्वू आणि साथीदारांनी उठाव करून पंतप्रधान तफावा बालेवा यांच्यासह अनेक नेत्यांना ठार केले.

या उठावाची मुळे भरतीच्या पद्धतीत शोधावी लागतात. साधे शिपाई मोठ्या संख्येने उत्तरेतून येत, तर अधिकारी व तांत्रिक शाखांत शाळा-कॉलेजांचा लाभ आधी मिळालेल्या पूर्वेकडील इग्बो जमातीच्या लोकांचे प्रमाण जास्त होते. यावर उपाय म्हणून उत्तरेला निम्म्या आणि पूर्व-पश्चिमेला प्रत्येकी पाव जागा असा कोटा ठरला; त्यातून समतोल किती साधला हा प्रश्नच आहे, पण प्रत्येक बढतीकडे जमातीच्या चष्म्यातून पाहण्याची सवय मात्र पक्की झाली. जानेवारीत मारले गेलेले बहुतेक वरिष्ठ अधिकारी उत्तर आणि पश्चिमेचे होते, तर उठाव करणारे बहुतांशी इग्बो. जुलैत उत्तरेच्या जवानांनी प्रतिउठाव करून, जानेवारीनंतर सत्ता हाती घेतलेल्या इरोन्सींना ठार केले, याकूबू गोवोन सत्तेवर आले, आणि त्यानंतर जवानांना आपापल्या प्रदेशांत परत पाठवण्यात आले. देश फुटण्याआधी लष्कर फुटले, ते या क्षणी.

पूर्वेचा इग्बोबहुल प्रांत ‘बियाफ्रा’ नावाने फुटून निघाल्यावर १९६७ ते १९७० मध्ये झालेल्या यादवी युद्धाच्या लढाया सविस्तर सांगण्याची ही जागा नव्हे. लष्कराच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढे की सुमारे १० हजारांची फौज अडीच लाखांच्या घरात गेली, आणि तिच्या तीन डिव्हिजन तीन संस्थानांसारख्या वागत, एकमेकींशी शस्त्रांसाठी स्पर्धा करत. मुर्तला मुहम्मद यांच्या दुसऱ्या डिव्हिजनने ओनित्शासमोर नायजर ओलांडण्याच्या हट्टापायी प्रचंड हानी सोसली. अखेरीस तिसऱ्या मरीन कमांडो डिव्हिजनचे सेनापती या नात्याने बियाफ्राची शरणागती घडवून आणली ती ओबासांजो यांनी. एवढी फुगलेली फौज घरी पाठवणे गोवोन यांना जमले नाही, आणि १९६६ ते १९९९ या काळातली सुमारे २९ वर्षे देशावर लष्कराचीच सत्ता राहिली. १९९९ मध्ये निवडून आलेल्या ओबासांजो यांनी पहिल्याच महिन्यात, राजकीय पदे भोगलेल्या अधिकाऱ्यांना सक्तीने निवृत्त केले. स्वतः एकेकाळी लष्करी राष्ट्रप्रमुख राहिलेल्या माणसाने हे करावे, यात मला विसंगती दिसत नाही. कोणता अधिकारी धोक्याचा, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार होते?

आजची रचना पाहा. मुख्यालय अबुजात, डिव्हिजनची ठाणी कडुना, इबादान, जोस, पोर्ट हारकोर्ट, मैदुगुरी, सोकोटो, लागोस आणि एनुगू येथे. लागोसची ८१ वी आणि एनुगूची ८२ वी हे क्रमांक ब्रह्मदेशातून आले आहेत. ही मांडणी सीमांपेक्षा देशांतर्गत प्रदेशांना धरून आहे, हे नकाशावर चटकन दिसते. १९९९ च्या राज्यघटनेतील कलम २१७ नुसार अधिकारी आणि जवान दोन्हींत देशाच्या संघीय स्वरूपाचे प्रतिबिंब पडलेच पाहिजे. आपल्याकडे मराठा लाइट इन्फन्ट्रीसारख्या पलटणी प्रादेशिक ओळखीतून बळ घेतात. नायजेरियाने १९६६ चा अनुभव घेतल्यावर नेमका उलटा मार्ग धरला आणि बटालियनमध्ये सर्व प्रांतांची सरमिसळ केली. त्याची किंमत ईशान्येतल्या बोको हराम या जिहादी बंडखोर संघटनेविरुद्ध २०१३ मध्ये मैदुगुरीत सातवी डिव्हिजन उभी राहिली तेव्हा दिसली. देशभरातून आलेल्या अनेक जवानांना तिथली कानुरी भाषाही येत नव्हती, आणि वस्तीतला बंडखोर कोण हे ओळखण्यासाठी त्यांना हातात काठ्या घेऊन पुढे आलेल्या स्थानिक तरुणांच्या जथ्यांवर अवलंबून राहावे लागले.