सिंबाच्या आधी बिमा

नमस्कार मंडळी. मला बोलावताना संयोजक म्हणाले होते, "ताई, आफ्रिकेचे फोटो दाखवा, लोकांना सिंह बघायला आवडतात." फोटो आणलेत, शेवटी दाखवीन. पण तुमच्यातल्या ज्यांना खरोखर जायचंय, त्यांना मी आधी कागद दाखवणार आहे. माझी 31 वर्षं विमा कंपनीच्या क्लेम विभागात गेली. जाहिरात उलटी धरून मागचा बारीक टाइप आधी वाचायची खोड तिथूनच लागली. केनियाला जायचं मी तीनदा ठरवलं आणि दोनदा जाऊन आले. त्यातल्या पहिल्या खेपेला मात्र हा बारीक टाइप वाचला नव्हता.

एक गंमत सांगते. स्वाहिली भाषेत विम्याला 'बिमा' म्हणतात. गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', दुकानाला 'दुका'. चहा 'चाय' आणि चपाती चपातीच. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची आणि रेल्वेच्या मजुरांची त्या किनाऱ्याशी जुनी ये-जा, तिच्या या खुणा. 'सफारी'सुद्धा आपल्या 'सफर'चीच अरबी घरातली बहीण. 'सिंबा' म्हणजे सिंह, पण त्याचं आपल्या सिंहाशी नातं नाही. तो अस्सल तिथला. म्हणजे बघा, बिमा आपला आणि सिंबा त्यांचा. आपण आपल्या ताब्यातलं आधी बघू.

पहिली खेप. पत्रकात लिहिलं होतं, 'मसाई मारा, 3 रात्री 4 दिवस, अमुक कॅम्प किंवा तत्सम.' हे 'किंवा तत्सम' तुम्ही लग्नाच्या मेनूत वाचलं असेल. बासुंदी किंवा तत्सम. तिथे फार तर खीर येते. इथे आमचा कॅम्पच बदलला. बदललेला कॅम्प वाईट नव्हता. जेवण छान होतं, तंबूत गरम पाणी होतं. पण तो अभयारण्याच्या बाहेर, गेटपासून चाळीस मिनिटांवर होता. त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं रोज जाऊन येऊन दीड तास. पहाटे जेव्हा बिबट्या झाडावरून उतरतो, तेव्हा आम्ही गेटच्या रांगेत थर्मासमधला चहा पीत होतो. परत आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, "तत्सम दर्जाचा कॅम्प दिला आहे." दर्जा तत्सम होता हे खरंच. जागेबद्दल त्यांनी काही कबूलच केलं नव्हतं. 'मारा' म्हणजे माराच्या आत असं मीच धरून चालले होते.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: कॅम्प गेटच्या आत की बाहेर, आणि बाहेर असेल तर गेट किती मिनिटांवर? किलोमीटर विचारू नका. तिथे किलोमीटरला काही अर्थ नाही. नैरोबीहून नारोकमार्गे मारा साधारण 270 किलोमीटर. आपल्याला वाटतं, एक्स्प्रेस वेवरून तीन-साडेतीन तास. लागतात पाच-सहा.

आता प्रवेश शुल्क. इथे जरा थांबते, कारण बहुतेक जण इथेच फसतात. मसाई मारा हे राष्ट्रीय उद्यान नाही, ते नारोक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारच्या, ताब्यातलं राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे त्याचे दरही काउंटीच ठरवते. 2024 पासून परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर. माणशी आणि दिवसाला, हे दोन्ही शब्द लक्षात ठेवा. पूर्वी तिकीट चोवीस तास चालायचं. आता बारा तासांचं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. आत मुक्काम असेल, तर निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेटबाहेर पडायचं, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे.

याचा हिशेब करा. ऑगस्टमध्ये तुम्ही बाहेरच्या कॅम्पात दुपारी पोचलात आणि मंडळींनी आग्रह धरला, "आलोय तर चार वाजता एक चक्कर मारू." ही दोन तासांची चक्कर नवरा-बायकोला 400 डॉलरना पडते. म्हणून 'पार्क फी समाविष्ट' एवढ्यावर समाधान मानू नका. किती दिवसांची फी समाविष्ट आहे, ते लिहून घ्या. चार दिवसांच्या सहलीत दोन दिवसांची फी धरलेली मी पाहिली आहे. आणि अटींत एक ओळ हमखास असते, 'शासकीय शुल्कात वाढ झाल्यास फरक प्रवाशाने भरावा.' ही ओळ अन्यायाची नाही. 80 डॉलरवरचे दर 200 वर गेले, तर तो बोजा कंपनी तरी कुठून उचलणार? पण मग फरक मागताना सरकारी दरपत्रक दाखवणार का, एवढं आधीच विचारून ठेवा.

गाडी. ताडोब्याला आपण उघड्या जिप्सीत बसतो. तिथे बहुधा छत वर उचलणारी लँड क्रूझर किंवा तशीच मिनीव्हॅन असते. उभं राहायचं आणि छताखालून बघायचं. पत्रकात 'खात्रीची खिडकी' असेल तर प्रत्येकाला खिडकी. ते शब्द नसतील, तर सात जणांच्या गाडीत मधल्या सीटवर कुणीतरी बसणारच. आमच्या वेळी तो मान माझ्या नणंदेला मिळाला. तिच्या अल्बममध्ये अर्धे फोटो माझ्या टोपीचे आहेत. अजून ती विषय काढते.

आता रद्द करण्याच्या अटी. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे, पण घडण एकच. बुकिंगला काही टक्के आगाऊ, उरलेले निघण्याआधी महिना-दोन महिने, आणि जसजशी तारीख जवळ येते तसतशी कापली जाणारी रक्कम वाढत जाते. शेवटच्या महिन्यात बहुतेक ठिकाणी काहीच परत मिळत नाही. लोकांना ही लूट वाटते. पण दहा-बारा तंबूंच्या कॅम्पानं जुलैतली तारीख तुमच्यासाठी अडवून ठेवलेली असते. आयत्या वेळी तो तंबू कोण घेणार?

दुसऱ्या खेपेला निघायला 38 दिवस असताना आमचे हे बाथरूममध्ये घसरले. मनगट मोडलं, सहल रद्द करावी लागली. आमच्या करारात साठ ते तीस दिवसांत निम्मे पैसे बुडणार होते, ते बुडले. आणि विमा? प्रवासविमा मी काढलाच नव्हता! निघायच्या आठवड्यात काढू म्हणून ठेवला होता. 31 वर्षं टेबलापलीकडच्या माणसांना "साहेब, घटनेच्या तारखेला पॉलिसी नव्हती" असं थंडपणे सांगितलं, आणि त्या दिवशी टेबलाच्या दोन्ही बाजूंना मीच. तेव्हा आगाऊ रक्कम भराल त्याच दिवशी विमा काढा, आणि त्यात सहल रद्द होण्याचं संरक्षण आहे ना, कोणकोणत्या कारणांसाठी आहे, ते वाचा. 'मन बदललं' हे कारण सहसा पॉलिसीत नसतं.

आणि हात जोडून सांगते, बीपी-शुगर लपवू नका. हप्त्यात थोडेफार पैसे वाचवण्यासाठी माणसं 'नाही'वर टिक करतात, आणि मग तिकडे छातीत दुखलं की कंपनी जुने कागद मागते. आणखी एक गोष्ट, विमानानं हलवण्याचा खर्च. माराच्या मध्यावर मोठं हॉस्पिटल नाही. गंभीर आजारी माणसाला धावपट्टीवरून छोट्या विमानानं नैरोबीला नेतात. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून 'अ‍ॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स' हे काम करतात. त्या संस्थेची सुरुवात 1957 ची. पर्यटकांसाठी त्यांचं वेगळं संरक्षण मिळतं. काही कंपन्या ते पॅकेजमध्येच घालतात. तुमच्यात आहे का, बघा.

लस. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. इथे एक उलटा प्रकार आहे. भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया ती मागत नाही. परत येताना आपला देशच मागतो. आपल्याकडे हा आजार नाही, पण तो पसरवणारा डास आहे, म्हणून सरकार कडक. केनियाहून आलात आणि लसीचं पिवळं कार्ड नसेल, तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, पुढे आयुष्यभर चालतं. सरकारी केंद्रांवर ठरावीक वारीच देतात, कारण एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून महिनाभर आधी नाव नोंदवा. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. इथे समोर बसलेल्यांत साठीच्या आतले किती, ते मी विचारत नाही. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून टाका. त्या निघायच्या आधीपासून सुरू करायच्या असतात आणि परत आल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात. घरी आलं की सगळे नेमकं तेच विसरतात.

केनियाला आता व्हिसा नाही, 2024 च्या जानेवारीपासून ऑनलाइन 'ईटीए', म्हणजे प्रवासाचा परवाना, आहे. सरकारी संकेतस्थळावर 30 डॉलरच्या आसपास पडतो. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या खाजगी साइट दुप्पट घेतात. आणि मारा बघून 'पलीकडे सेरेंगेटी दिसतंय, जाऊन येऊ' हे डोक्यातून काढा. प्राणी जातात, आपण नाही. सेरेंगेटी टांझानियात आहे. त्या देशाचा व्हिसा वेगळा, आणि माराच्या आतून पर्यटकांना सीमा ओलांडता येत नाही. दूरच्या नाक्यावरून वळसा घालून जावं लागतं. केनिया-युगांडा-रवांडाचा जो एकत्र व्हिसा मिळतो, त्यातही टांझानिया नाही.

सामानाबद्दल फार बोलत नाही. छोट्या विमानानं जाणार असाल तर हातातली पिशवी धरून 15 किलो, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक पेटी त्या विमानाच्या पोटात जातच नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून तिथे बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यात न्या. चप्पल कॅरीबॅगमध्ये गुंडाळायची आपली सवय विसरा. लष्करी छापाचे कपडे नकोत. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या न्या, जुन्या छपाईच्या कुणी घेत नाही. प्लग तीन चौकोनी पिनांचा. आणि स्वेटर. विषुववृत्त म्हणून सगळे सुती कपडे घेऊन येतात, पण मारा दीड हजार मीटरहून उंच आहे. पहाटे सहाला उघड्या छताच्या गाडीत महाबळेश्वर आठवतं.

रात्रीही थंडी असते. म्हणून कॅम्पवाले जेवणाच्या वेळी आपल्या पांघरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून जातात, वर लोकरीचं आवरण घालून. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी दिवा मालवला, पाय आत सरकवले, आणि पायाला काहीतरी मऊ, गरम, केसाळ लागलं. माझी किंकाळी ऐकून भाला घेतलेला मसाई पहारेकरी धावत आला. त्यानं पांघरूण उचललं, पिशवी पाहिली आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मामा, नो सिंबा." तिकडे बायकांना आदरानं 'मामा' म्हणतात. आमच्या ह्यांना त्या दोन्ही शब्दांचं अजून हसू येतं.

प्रश्न घेऊ? हो, तुम्ही.

टॉयलेटचं. बरं झालं विचारलंत, हे पत्रकात कधीच नसतं. गेटवर असतं, आत फार कमी ठिकाणी. ड्रायव्हरला सांगायचं, "चाक तपासायचंय." तो आधी चारी बाजूंना दुर्बीण फिरवतो, मग गाडी आडवी लावतो, आणि आपण मागच्या चाकाआड. कागद पिशवीत घालून परत आणायचा. लाजू नका, सगळे तपासतात.

तुमचा काय, प्राण्यांच्या कळपांचं ते नदी ओलांडणं दिसलं का? सांगते. तिसऱ्या खेपेला, सप्टेंबरात. या वेळी कॅम्प आत होता, खिडकी होती, विमा बुकिंगच्या दिवसाचा होता. मारा नदीच्या काठावर आम्ही दुपारी दीडला जाऊन थांबलो. समोरच्या काठावर विल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखी दिसणारी मोठी हरणं, जमत होते, आधी शंभरेक, मग नजर पुरेना. एक पुढे यायचा, पाणी हुंगायचा, मागे फिरायचा. खाली दोन मगरी लाकडाच्या ओंडक्यासारख्या पडून होत्या. चार वाजता एक झेब्रा पार पाण्यात गुडघाभर उतरला. सगळ्या गाड्यांतला आवाज बंद झाला. त्यानं मान वर केली, कान हलवले, आणि शांतपणे वळून वर चढला. त्याच्यामागे सगळेच फिरले. धुरळा बसला तेव्हा काठ रिकामा होता.

प्राणी दिसण्याची हमी नाही, ही अट तेवढी मी दर वेळी मुकाट्यानं मान्य केली आहे. अंधार पडायच्या आत गाडी कॅम्पात लागायला हवी, म्हणून साडेपाचला ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. आम्ही वळणावर पोचलो, तोवर मागे पुन्हा शंभरेक जमले होते.

चला, आता दिवे मालवा कुणीतरी. फोटो बघू.