चार तासं नव्या बियाण्याची

(दृश्य: जानेवारीतलं शिवार, जमिनीच्या भेगा)
ही भेग बघा. हात कोपरापर्यंत आत जातो. थंडी सरताना मंगळवेढ्याची काळी जमीन अशीच उकलते आणि ज्वारी तरीही उभी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली, मग मुरलेल्या ओलीवर चार महिने काढले. इथलं बी म्हणजे मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळला १९३०च्या दशकात गावरान ज्वारीतून निवडून काढलेली 'मालदांडी ३५-१' आजही रब्बीत ठाण मांडून आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

(दृश्य: आजींचे हात, कणीस)
आजी कणीस तळहातावर चोळतात, फुंकर मारतात, एक दाणा दाताखाली धरतात. बियाण्याची पहिली परीक्षा ही. दुसरी चुलीपुढे. थापताना भाकरीच्या कडा फाटतात का? सकाळची भाकरी संध्याकाळी मऊ राहते का? बियाण्याच्या पिशवीवर यातलं काहीच छापलेलं नसतं.

(दृश्य: ज्वारीची काढणी, कडब्याची गंज)
ज्वारी इथं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कडब्याचं बोटभरही वाया जाऊ द्यायचं नाही. दाणा घराचा, कडबा गोठ्याचा. कणीस भरलं नाही, तरी ताट, म्हणजे ज्वारीचा धांडा, जनावराच्या तोंडी लागतं. १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी आली, सीएसएच-१. खरिपात संकरित वाणांनी धान्य वाढवलं, हे खरं. पण ताट बुटकं, कणीस पावसात सापडलं की दाणा काळा, आणि बी दरवर्षी विकत. म्हणून नव्या बियाण्याचं नाव काढलं, की जुनी माणसं आधी विचारतात: कडबा किती? याला अडाणीपणा म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला तर तो चोख हिशोब वाटतो.

(दृश्य: कुदळ, खड्डा, खाली मुरूम)
पेरणीआधी इथले शेतकरी खड्डा खणून बघतात. वीतभर खाली मुरूम लागला. अशा हलक्या जमिनीसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले अनुराधा' हा वाण आहे. मध्यम जमिनीला 'फुले सुचित्रा', भारीला 'फुले वसुधा', पाणी देता येत असेल तर 'फुले रेवती'. एका गावात या सगळ्या जमिनी असतात, कधी एकाच शेतात. 'सुधारित बियाणे वापरा' असं भिंतीवर रंगवून भागत नाही. कोणतं, आणि किती मातीवर, हे कोणी सांगायचं?

(दृश्य: ऑक्टोबरमधली पेरणी, पेरणीची पाभर, बी सोडायच्या चाड्यावरची मूठ)
बियाला गंधक चोळलंय, किलोला ४ ग्रॅम, कणसावर काणी रोग पडू नये म्हणून. आता मूठ बघा. बोटांतून बी कसं सुटतंय! डावीकडे घरची मालदांडी, उजवीकडे नव्या वाणाची फक्त चार तासं, म्हणजे पेरणीच्या चार ओळी. जमीन तीच, ओल तीच, दिवस तोच. पुढचे चार महिने बांधावरून जाणारा प्रत्येक जण इथं थांबणार, वाकून बघणार, पोटरीतलं, म्हणजे पानाच्या वेष्टणातलं, कणीस चाचपणार. हे संकरित नव्हे, सरळ वाण आहेत. चांगली कणसं राखली, की पुढची काही वर्षं बी घरचंच. शेजाऱ्याला पायलीभर उसनंही देता येतं. गावात नवं बी फिरतं ते असं, पायलीपायलीनं.

(दृश्य: पोती)
यंदा उजवीकडची तासं थोडी जास्त उतरली. भाव आणि मजुरी मात्र होती तिथंच आहे.

(दृश्य: गोठा, संध्याकाळ)
शेवटची परीक्षा राहिली. दोन्हीकडच्या पेंढ्या सोडून म्हशीपुढे टाकल्यात. आजी दाराशी उभ्या आहेत. म्हैस आधी कुठल्या पेंढीला तोंड लावते, बघू.